कलती चकती

थोरलीच्या डाव्या हाताची दोन बोटं पांढरी पडतात. मधलं आणि त्याच्या शेजारचं. गार पाण्याने तोंड धुऊन ती बाथरूममधून बाहेर आली की बघावं, टोकापासून दुसऱ्या पेरापर्यंत रंग उतरून बोट मेणबत्तीसारखं झालेलं असतं, आणि पुढे पट्टीने रेघ मारल्यासारखा त्याचा मूळ रंग सुरू होतो. ती हात काखेत दाबते, झटकते. बोटं आधी जांभळट होतात, मग लाल होतात, आणि ती चहाला बसते. पुन्हा पुन्हा पाहिल्यावर एकदा मी विचारलंच. "थंडी आहे आई," म्हणाली. थंडी मलाही होती. माझी बोटं माझ्याच रंगाची होती.

तिच्या बाबतीतल्या बाकीच्या काळज्या मी एकेक करून संपवल्या, नाहीतर त्यांनीच माझा नाद सोडला. लग्नाची काळजी तिने चाळिशीला टेकता टेकता स्वतःच निकालात काढली. एकटी राहते त्याची काळजी तिच्या दाराचं कुलूप बघून गेली; ते तिने स्वतः बसवलंय आणि ते फोडायला आलेला चोर कंटाळून परत जाईल. ही बोटांची काळजी मात्र घासात लागलेल्या खड्यासारखी आहे. कितीही चूळ भरा, दाताखाली येतेच.

थोरली म्हणजे आमची मोठी मुलगी. तिच्या पाठचा धाकटा नोकरीसाठी दुसऱ्या शहरात असतो. थोरली इथेच, पण गावाच्या दुसऱ्या टोकाला राहते आणि शुक्रवारी संध्याकाळी आमच्याकडे येते ते रविवारी रात्री जाते. आमची आठवण येते म्हणून येते असं मी पूर्वी शेजारी सांगत असे. ती येते ती गॅरेजसाठी. त्या गॅरेजमध्ये आमची गाडी शेवटची कधी उभी होती ते आता गाडीलाही आठवत नसेल. तिथे भिंतीवर ओळीने जुन्या चेनसॉ टांगलेल्या आहेत. झाडं कापायची, पेट्रोलवर चालणारी, गोल फिरणाऱ्या साखळीची करवत. थोरली त्या गोळा करते, खोलते, साफ करते आणि पुन्हा चालू करते. आपल्याही करते आणि लोकांच्याही.

पोटापाण्याचं काम वेगळं आहे. ती दातांच्या लॅबमध्ये आहे. दाताचे डॉक्टर माप घेऊन पाठवतात आणि ही त्यावरून दातावर बसवायची टोपी, ज्याला लोक कॅप म्हणतात, ती घडवते. हातात पेनासारखं एक घुर्रघुर्र करणारं यंत्र धरून ती केसाएवढा थर घासते, बोट फिरवून बघते, पुन्हा घासते. आमचे हे म्हणतात, "दिवसा माणसांचे दात, सुट्टीला करवतीचे. हिच्या पत्रिकेत दातच लिहिलेत."

ह्यांना असले विनोद सुचतात. बांधकामावर सुपरवायझर होते, तिथे दिवसभर ओरडावं लागायचं, म्हणून घरात ते विनोद करत. आता निवृत्त झाल्यावर दिवसभर करतात.

सुरुवात कशी झाली ते सांगते. नोकरीला लागून थोडेच दिवस झाले होते तेव्हा ती भंगारवाल्याकडे गेली होती, सायकलची चेन बघायला. परत आली ती दोन्ही हातांत एक लालसर, गंजलेलं, दंड दुखवणारं धूड घेऊन. पायऱ्यांवर ठेवलं तर खालून काळं तेल गळायला लागलं.

"हे काय?" मी विचारलं.

"चेनसॉ."

"आणि सायकलची चेन?"

"हिला पण चेन आहे की," ती म्हणाली. आणि मग जरा समजुतीच्या सुरात, "आई, हिचा रंग बघ ना. असा रंग आता कुणी देत नाही."

मला वाटलं चार दिवसांचं वेड आहे. चार दिवसांत ते धूड तिने इतकं खोललं की त्याचं पुन्हा काही होईल असं कुणाला वाटलं नसतं. पण तिची एक पद्धत होती. अंडी ठेवायचे पुठ्ठ्याचे ट्रे तिने मागून आणले आणि निघालेला एकेक स्क्रू, वॉशर, स्प्रिंग ज्या क्रमाने निघाली त्या क्रमाने एकेका खळग्यात ठेवली. उलट्या क्रमाने ट्रे रिकामा होत गेला की मशीन तयार. अजूनही ती असंच करते. आमच्याकडे अंडी कमी आणि ट्रे जास्त आहेत.

मग दोरी ओढायचा दिवस आला. ती ओढते आहे, मशीन खोकतंय, ती कुठला तरी स्क्रू पाव वळसा फिरवते आहे, पुन्हा ओढते आहे. शेवटी ते जे पेटलं, त्याने समोरच्या घरातल्या बाई खिडकीत आल्या. थोरलीने अंगणातल्या ओंडक्याची एक चकती कापली, भाकरीएवढी, चांगली दोन बोटं जाड. मशीन बंद केलं. त्या शांततेत हे पुढे झाले, चकती उचलली, तिच्यावरचा भुसा फुंकला, आणि घरात नेऊन जेवणाच्या टेबलावर ठेवून तिच्यावर आपला चहाचा कप ठेवला.

"पहिली चकती घराची," म्हणाले.

तेव्हापासून तो नियमच झाला. कुणाचंही मशीन दुरुस्त होऊन चालू झालं की त्याची पहिली चकती आमच्या घरात येते. मालकांनाही ते ठाऊक असतं. आमच्याकडे कुंड्यांखाली चकत्या आहेत, किटलीखाली आहेत, फोनखाली आहेत. हलणाऱ्या कपाटाच्या पायाखालीसुद्धा एक आहे. समोरच्या बाईंनी एक मागून नेली आणि तिला पाय लावून बसायचं स्टूल केलं. आधी आवाजाची तक्रार करायच्या, स्टूल झाल्यापासून करत नाहीत.

ह्यांना मदत करायची फार हौस. एकदा थोरली लॅबमध्ये असताना ह्यांनी गंजलेले स्क्रू व्हिनेगरमध्ये भिजत घातलेले बघितले. सकाळपर्यंत स्क्रू लखलखीत. मग हे विचार करू लागले, की स्क्रू इतके स्वच्छ होतात तर इंजिनाच्या बाहेरचं ते कळकट कवच का होऊ नये? बादलीभर व्हिनेगर आणलं आणि कवच त्यात बुडवलं. ते सोडा वॉटरसारखं फसफसायला लागलं. ह्यांना वाटलं, घाण निघतेय. संध्याकाळी बादलीतून निघालं ते उंदरांनी कुरतडल्यासारखं काहीतरी होतं. ते कवच मॅग्नेशियमचं असतं, आणि मॅग्नेशियम व्हिनेगरमध्ये विरघळतं. हे मी कॉलेजात शिकले होते, पण मला कुणी विचारलं नव्हतं.

थोरलीने बादलीत डोकावून पाहिलं. हे तिच्या मागे हात बांधून उभे, साइटवर स्लॅब गळल्यासारखे.

"बाबा," ती म्हणाली, "स्वच्छ झालंय मात्र."

ते कवच तिने फेकलं नाही. गॅरेजच्या फळीवर तिच्या पेन्सिली त्यात असतात. कुणी विचारलं, की "हे कसलं हो?", तर सांगते, "बाबांनी धुतलं." आणि हे शेजारीच उभे असले तरी सांगते.

हा तिचा स्वभाव आहे, आणि कामातही तो तसाच उतरलाय. बिघडलेलं लपवायचं नाही. एक गृहस्थ एक देखणी करवत घेऊन आले होते, सासऱ्यांना भेट द्यायची म्हणून. तिच्या मुठीजवळ केसासारखा तडा होता. थोरलीने तो तारेने सांधला, पण सांधा तसाच दिसता ठेवला.

"जरा पुट्टी भरून वरून रंग मारा ना," गृहस्थ म्हणाले. "सासऱ्यांना काय कळतंय."

"मला कळतंय ना."

"अहो, पण दिसायला..."

"सासरे ही नुसती भिंतीला लावणार की चालवणार?"

"चालवतील बहुतेक. हौशी आहेत."

"मग तडा दिसू दे. ज्याच्या हातात मशीन जाणार त्याला कळायला हवं आपण काय धरलंय."

गृहस्थ पुटपुटत गेले. सासऱ्यांनी मात्र नंतर स्वतःची आणखी एक करवत तिच्याकडे पाठवली.

जुन्या मशीनचं एक आहे. हल्लीच्या करवतीत मूठ आणि इंजीन यांच्यामध्ये रबर असतं, त्यामुळे हादरा हातापर्यंत कमी पोचतो. जुन्यांत ते नाही. मूठ थेट इंजिनाला आवळलेली. चालू झालं की दात वाजतात, ह्यांनी एकदा हातात धरली होती तर संध्याकाळपर्यंत चमचा हलत होता. थोरलीला तो हादरा आवडतो. मशीनच्या पोटावर बोटं टेकवून ती सांगते, आतलं बेअरिंग गेलंय, नाहीतर हवा कुठून तरी शिरतेय. साखळीचे दात ती कानशीने घासते, एक दात डावा, एक उजवा असे, आणि सगळे सारखे घासले गेलेत की नाही ते डाव्या हाताचा अंगठा आणि मधलं बोट फिरवून बघते; एका बाजूचे जास्त घासले गेले तर करवत वाकडी कापते. मोजायचं माप आहे तिच्याकडे, डबीत. डबी उघडलेली मी पाहिलेली नाही. "बोटाला कळतं," म्हणते.

गेल्या हिवाळ्यापासून आमच्या जेवणाच्या टेबलाला उतार आला.

म्हणजे हे तसं म्हणाले. चहा कपात एका बाजूला झुकलेला दिसायचा. ह्यांनी आपली जुनी पाणसळ काढली, ती काचेची, बुडबुड्याची, आणि ती कपाशेजारी चकतीवर ठेवून बघितली. बुडबुडा कडेला. हे खाली बसले आणि टेबलाच्या एका पायाखाली पुठ्ठा घातला. चहा सरळ झाला. दुसऱ्या आठवड्यात टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवलेलं सूप ताटलीतून माझ्या मांडीवर आलं. ह्यांनी पुठ्ठा काढला. मग चहा कलला. मग ह्यांनी फरशीला दोष दिला.

"फरशी तुम्हीच घालून घेतली होती ना, उभं राहून?" मी म्हटलं.

"म्हणूनच सांगतो, तेव्हाच मला शंका होती."

टेबल ठीक होतं. फरशीही ठीक होती. पाणसळ टेबलावर ठेवायच्या ऐवजी ते प्रत्येक वेळी चकतीवर ठेवत होते, कारण चकती वाकडी असू शकते हे त्यांच्या मनातच येत नव्हतं. थोरलीची चकती. ती चकती नवीन होती, हिवाळ्यात आलेली. मी कप उचलून जुन्या चकतीवर ठेवला आणि चहा सरळ झाला.

मी ह्यांना दाखवलं. ह्यांनी चकती उलटीपालटी केली. एका बाजूला दोन बोटं जाड, दुसऱ्या बाजूला दीड.

"असेल एखादी," म्हणाले आणि पेपर उघडला.

थोरली आली तेव्हा तिलाही दाखवली. ती म्हणाली, "हो, ती करवत एका बाजूला ओढते. पट्टी झिजलीये, जिच्यावरून साखळी फिरते ती. बदलली मी." त्यानंतर आलेली चकतीही कललेली होती. तेव्हा ती म्हणाली, लाकडात गाठ होती. त्याच्या पुढची कलली तेव्हा ती चकती तिने घरात आणलीच नाही. मी गॅरेजच्या मागे जळणाच्या ढिगात बघितली. मी मुद्दाम शोधायला गेले होते, हे कबूल करते.

त्याच सुमारास जेवताना तिने एक गंमत सांगितली. लॅबमधून गेलेली एक कॅप परत आली होती, पेशंट म्हणे की दात मिटतच नाहीत, हाच एक उंच लागतो. "डॉक्टरने माप चुकीचं घेतलं असणार," ती हसत म्हणाली. हे पण हसले. मी भाजी वाढली. तिच्या हातातली कॅप आजवर परत आली नव्हती. ती गोष्ट तिने गंमत म्हणून सांगितली ह्याचीच मला भीती वाटली.

त्या रात्रीच्या जेवणात मी आणखी एक बघितलं. स्टीलचा पेला उकळत्या सुपाने भरलेला होता. मी तो फडक्याने धरून तिच्यापुढे ठेवला. तिने तो डाव्या हाताने सहज उचलला, बोलत राहिली, आणि मग उजव्या हाताने धरायला गेली तेव्हा "आई गं" म्हणून सोडला.

मी धाकट्याला फोन केला.

"तिला सांग ना मग," तो म्हणाला.

"तू सांग. तुझं ऐकेल."

"माझं? आई, ती अजून माझा कान धरते. मागच्या भेटीत पाहुण्यांसमोर धरला."

ह्यांना म्हटलं. हे म्हणाले, "बोललीस तर ती महिनाभर येणार नाही. आधी असं झालंय." झालंय खरं. तिच्या मोटारसायकलीवरून झालं होतं. "आणि काय सांगणार? तुझी बोटं बघितली म्हणून? ती म्हणेल थंडी आहे." हेही खरं.

अशात वस्ताद आले.

वस्ताद हे त्यांना थोरलीने दिलेलं नाव. सारा जन्म त्यांनी झाडं पाडायचं काम केलं, एका मोठ्या कंत्राटदाराकडे. त्यांच्या काळातली करवत कंपनीने काढून टाकली तेव्हा ती त्यांनी घरी आणून गोणपाटात गुंडाळून ठेवली होती. ती आता एकदा चालू झालेली ऐकायची, एवढंच त्यांचं म्हणणं. मशीन मोठं, जुनं, मूठ थेट इंजिनाला. थोरलीने ते बघितलं आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी एखाद्या मुलाला बघून कधी आलेलं पाहिलं नाही. असो.

ह्या रविवारी जुन्या मशीनवाल्यांचा मेळावा आहे. मैदानावर सगळे आपापली मशीनं मांडतात आणि ज्याने मशीन दुरुस्त केलं त्याने ते सगळ्यांसमोर चालवायचं, एक जाडजूड खोड आरपार कापायचं, अशी तिथली रीत. मालकाने नाही चालवायचं, दुरुस्त करणाऱ्याने. हात कुणाचा लागलाय ते कळावं म्हणून. वस्तादांचं मशीन थोरली चालवणार आहे. ते खोड कापायला बराच वेळ लागेल आणि तो सगळा वेळ ती मूठ तिच्या हातात असेल.

गेल्या रविवारी मशीन पेटलं. वस्ताद स्टुलावर बसून ऐकत होते, मान जराशी कलती करून. थोरलीने चकती कापली. ती त्यांनी स्वतः घरात आणली, दोन्ही तळव्यांमध्ये धरून, आणि मी तिच्यावर त्यांचा चहा ठेवला. कपही त्यांनी तळव्यांतच धरला, बोटं न वळवता. चहा कपात कललेला होता. ते चहाकडे बघत राहिले, मग चकतीकडे, मग खिडकीतून थोरलीकडे. ती बाहेर नळावर हात धूत होती. हात धुऊन तिने डावा हात काखेत दाबला.

त्यांनी चहा संपवला. साखर छान झालीये म्हणाले. निघताना मी फाटकापर्यंत गेले.

"वहिनी, एक विचारू? तिची बोटं पांढरी पडतात ना?"

मी मान हलवली.

"कुठपर्यंत?"

मी माझ्या बोटावर दाखवलं.

"दुसऱ्या पेरापर्यंत," ते म्हणाले. "हं." आणि त्यांनी आपला हात पुढे केला. थंडी नव्हती तरी बोटांची टोकं राखाडी होती. "आमच्यात ह्याला कुणी आजार म्हणायचं नाही. बोटं झोपली म्हणायचे. उठतील, म्हणायचे. मीही म्हणायचो. आता शर्टाची बटणं आमची बायको लावते. मी मान वर करून उभा राहतो, शाळेत निघालेल्या पोरासारखा. ती वरून म्हणते, रडू नको हं, बाई मारणार नाहीत."

मला हसू आलं आणि लगेच गेलं.

"तिला वेळ आहे अजून," ते म्हणाले. "मी तिच्याएवढा असताना मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला शिव्या दिल्या असत्या. पण थांबलो असतो तर इथपर्यंत आलं नसतं."

"माझं नाही ऐकणार ती."

ते जरा घुटमळले. "एक करता येईल. मी मशीन परत नेतो. मुलगा मागतोय, त्यालाच चालवायचंय, असं सांगतो. म्हातारा फिरला म्हणेल, म्हणू दे. रविवारचं टळेल. शुक्रवारी दुपारपर्यंत मला फोन करा, ती यायच्या आत मी टेम्पो घेऊन येतो."

"पण तुम्हाला ते ऐकायचं होतं ना, मैदानावर?"

"ऐकलं की आज," ते म्हणाले आणि फाटकाची कडी मनगटाने सरकवून गेले.

तेव्हापासून मी हे मनात घोळवते आहे. उद्या शुक्रवार. खरं म्हणजे त्यांनी किती सोपं करून दिलं. एक फोन, टेम्पो येईल, मशीन जाईल. थोरली संध्याकाळी येईल, गॅरेजमधली रिकामी जागा बघेल, दार आपटेल. माझं नाव कुठेही येणार नाही. ह्यांनाही मी काल हे सांगितलं. ते म्हणाले, "उत्तम. सापही मरेल..." आणि पुढे बोलायचे थांबले. मग म्हणाले, "पण पुढच्या शनिवारी ती दुसरं मशीन चालू करेल, त्याचं काय?"

त्याचं काय हे मलाही ठाऊक नाही. हादऱ्यांमुळे होणाऱ्या या आजाराबद्दल मी बरंच वाचलं आहे. हादरे हातात जाणं लवकर थांबलं तर तो तिथेच थांबू शकतो, आणि जितका उशीर होईल तितकी गेलेली जाणीव परत येण्याची आशा कमी. लॅबमधलं ते घुर्रघुर्र करणारं यंत्रही हादरेच देतं. म्हणजे प्रश्न एका रविवारचा नाही. तिला डॉक्टरकडे जावं लागेल, लॅबमध्ये काही बदल मागावे लागतील. कुणाला तरी जुन्या मशीनांची दोरी ओढायला द्यावी लागेल आणि स्वतः बाजूला उभं राहावं लागेल. हे सगळं तीच करू शकते, आणि ते तेव्हाच करेल जेव्हा तिला कळेल आपण काय धरलंय. हे शब्द तिचेच आहेत, त्या सासऱ्यांच्या जावयाला सांगितलेले.

आज दुपारी मी घरातल्या चकत्या एकत्र केल्या. कुंड्यांखालच्या, किटलीखालची, फोनखालची. जळणाच्या ढिगातली पण आणली. कपाटाखालची काढताना कपाट माझ्या अंगावर आलं असतं. सगळ्या ओट्यावर मांडल्या, ज्या क्रमाने मशीनं आली त्या क्रमाने. तो क्रम मला पाठ आहे. मग डब्यातून एक वाळलेला वाटाणा काढला आणि एकेका चकतीच्या मध्यावर ठेवत गेले. सुरुवातीच्या चकत्यांवर वाटाणा जिथे ठेवला तिथे बसून राहिला. गेल्या वर्षीच्यांवरही. हिवाळ्यातल्या चकतीवर हळूच निघाला आणि काठावर अडला. पुढच्या दोन्हींवरून खाली पडला. वस्तादांच्या चकतीवर तर हातातून सुटताच घरंगळला, ओट्यावरून उडी मारून फ्रिजखाली गेला.

हे दारात उभे राहून बघत होते.

"दुसरा वाटाणा घे," म्हणाले. विनोद केला नाही. मग आत जाऊन पाणसळ घेऊन आले आणि ओट्यावर ठेवली. बुडबुडा बरोबर मध्यावर. "ओटा सरळ आहे," म्हणाले. "ती विचारेल."

ती विचारेल हे खरं. आधी ओट्याला दोष देईल, मग वाटाण्याला. पण तिच्या हाताशी जे येतं त्याच्याशी ती खोटं वागलेली मी पाहिलेली नाही. वस्तादांच्या आधीची चकती तिने घरात आणली नाही, ढिगात टाकली. तिला दिसलंय. कुणी तरी तिच्याबरोबर बघायला हवंय, एवढंच. मशीन लपवून, टेम्पो बोलावून, म्हाताऱ्याला खोटं बोलायला लावून मी त्या तड्यावर पुट्टी भरेन, आणि ज्या दिवशी तिला ते कळेल त्या दिवसापासून ती माझ्यापुढे हात काखेतून काढणार नाही.

महिनाभर येणार नाही? नको येऊ दे. चकत्या मी ओट्यावरच ठेवल्या आहेत. स्वयंपाक उद्या टेबलावर करता येईल.

वस्तादांना मी फोन करणार नाही. सकाळी ती लॅबला निघायच्या आधी, तोंड धुऊन नुकती बाहेर आली असेल अशा वेळी, तिलाच करणार आहे. आधी विचारेन की फोन कोणत्या हातात आहे. उजव्या, म्हणेल. मग म्हणेन, डावा काखेतून काढ आणि बघ, आणि काय दिसतंय ते मला सांग. मी फोन ठेवत नाही, सांगून होईपर्यंत.